वाऱ्यात बदकांच्या शिकारीला बोट काढताय?
अमेरिकेत मिनेसोटा-विस्कॉन्सिनकडे नोव्हेंबरात वारा सुटला की बदकं भरपूर उडतात आणि माणूस तिथंच फसतो, कारण जाताना वारा पाठीमागून असतो तेव्हा काही वाटत नाही, परतताना मात्र लाटा समोरून येतात. ११ नोव्हेंबर १९४० ला सकाळी हवा चक्क उबदार होती, दुपारी बर्फाचं वादळ आलं नि मिसिसिपी नदीवर कितीतरी शिकारी गारठून मेले. म्हणून ज्या बाजूने वारा येतोय तोच काठ धरून जा, लांब पडलं तरी चालेल. डिकॉय (बदकांना भुलवायची खोटी बदकं), कुत्रा, सगळं वजन खाली नि मधोमध, बंदुका रिकाम्या. नांगर पुढूनच टाका, मागून बांधला तर लाट थेट आत येते. आणि लाइफ जॅकेट अंगात हवं, सीटखाली ठेवून काय उपयोग?