एअर-कूल्ड रेसिंग इंजिनाचे हेड स्टड: निवडायचे कसे, बसवायचे कसे

नवे हेड स्टड घ्यायचे म्हटलं, की बहुतेकांचा पहिला हात जाड स्टडकडे जातो. तिथेच थांबा. एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या इंजिनात हेड (सिलिंडरचं झाकण) आणि बॅरल (सिलिंडर) एकत्र केसवर (क्रँककेसवर) दाबून धरायचं काम दोन्ही टोकांना आटे असलेले हे लांब स्टडच करतात. पण स्टड म्हणजे खांब नव्हे, स्प्रिंग आहे.

हिशोब करून पाहा. इंजिन १५० अंशांनी तापलं, की १०० मि.मी. अ‍ॅल्युमिनियम सुमारे ०.३४ मि.मी. वाढतं, तेवढंच पोलाद मात्र ०.१८ मि.मी. म्हणजे हेड-बॅरल स्टडला आणखी ताणतात. बाकी काहीच दबलं नाही असं धरलं, तर ८ मि.मी. स्टडवर सुमारे १.७ टन जादा ओढ येते आणि १० मि.मी. स्टडवर २.७ टन. ही सगळी ओढ शेवटी येते केसच्या मऊ आट्यांवर. फोक्सवॅगनने बीटल कारचे १० मि.मी. स्टड काढून पुढे ८ मि.मी. आणले आणि टॉर्कही (नट आवळायचा पीळ) सुमारे ३१ वरून २५ न्यूटन-मीटरवर उतरवला. बारीक स्टड स्प्रिंगसारखा जास्त ताणला जातो, म्हणून इंजिन थंड असो की गरम, त्याचा दाब कमी बदलतो.

निवड

आधी बॅरल कशाचं आहे ते बघा. बीडाचं असेल तर ते पोलादाइतकंच वाढतं, त्यामुळे फरक जवळजवळ फक्त हेडपुरता उरतो आणि चांगल्या पोलादाचा साधा स्टड पुरतो. अ‍ॅल्युमिनियमचं बॅरल असेल तर उच्च ताकदीच्या पोलादाचा, मधला दांडा बारीक केलेला स्टड घ्या. आटे कापलेले नकोत, रोल केलेलेच (दाबून घडवलेलेच) हवेत, कारण ते पुन्हापुन्हा येणाऱ्या ताणाच्या थकव्याला जास्त टिकतात.

पोर्शने आपल्या ९११ या कारसाठी डायलाव्हार नावाचं जास्त प्रसरण पावणारं पोलाद वापरलं. कल्पना उत्तम होती, पण त्यातले पुष्कळ स्टड गंजाच्या बारीक खड्ड्यांपासून तडकून तुटले. वापरलेले डायलाव्हार स्टड कितीही स्वच्छ दिसले तरी रेसच्या इंजिनात घालू नका.

केसचे आटे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मॅग्नेशियम केसच्या २.७ लिटर ९११ इंजिनांत (१९७४ ते १९७७) स्टड आट्यांसकट उपटून येत. तशी सुरुवात झालेलं भोक ओळखता येतं: तोंडाभोवतीचा धातू कड्यासारखा किंचित वर आलेला असतो. बोट फिरवलं की कळतं.

मऊ धातूत आट्यांची पकड स्टडच्या व्यासाच्या दुप्पट हवी. एक जरी भोक संशयास्पद असलं, तरी सगळ्या भोकांत पोलादी इन्सर्ट (आतून आटे असलेली नळी) बसवून घ्या. ड्रिल केसच्या पृष्ठभागाला काटकोनात हवं, म्हणून हे काम जिग (ड्रिल सरळ धरणारा साचा) लावूनच करायचं. इन्सर्टचं तोंड पृष्ठभागाच्या जरा खाली राहू द्या, नाहीतर बॅरल नीट टेकणार नाही.

आटे चांगले असतील तर थ्रेड चेझर (आटे नुसते साफ करणारं हत्यार) फिरवा, कापणारा टॅप नको. मग भोक हवेने कोरडं करा. बंद भोकात तेल राहिलं तर स्टड पिस्टनसारखा ते दाबतो आणि केस तडकू शकतो.

स्टड बसवणं

स्टड हातानेच फिरवून बसवा. तळाला जोराने रुतवू नका. भोक केसच्या आत आरपार उघडत असेल तर आट्यांना सीलंट लावा. दांड्याला कधीही पकड लावू नका, तो ओरखडा म्हणजे पुढच्या तड्याची जागा. फिरवायचाच असेल तर वरच्या आट्यांवर दोन नट एकमेकांवर आवळून फिरवा. सगळ्यांची उंची व्हर्नियरने मोजून सारखी करा.

आता हेड ठेवून वॉशर आणि नट लावून बघा. नट आट्यांच्या शेवटाला जाऊन अडकला, तर टॉर्क रेंच ‘टक’ करेल, पण हेडवर दाब आलेलाच नसेल. हा दोष बाहेरून दिसत नाही.

आवळणं

आवळण्यातला जेमतेम दहावा हिस्सा जोर स्टड ताणतो, बाकीचा घर्षणात जातो. म्हणून टॉर्कचा आकडा ज्या वंगणासाठी दिला आहे तेच वंगण नटाच्या आट्यांना आणि तळाला लावा. वॉशर कडक केलेलेच घ्या. समोरासमोरच्या जोड्या धरून तीन टप्प्यांत आवळा: आधी १० न्यूटन-मीटर, मग अर्ध्याच्या वर, मग पूर्ण. पाना फिरतोय पण हाताला जोर वाढताना जाणवत नाही, असं झालं की तिथेच थांबा. आटे सुटू लागलेत.

पहिल्यांदा इंजिन पूर्ण तापल्यावर ते रात्रभर थंड होऊ द्या. मग एका वेळी एकच नट थोडा सैल करून पुन्हा पूर्ण टॉर्कवर आणा. हेड किंचित खाली बसलेलं असतं, त्यामुळे त्यानंतर टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली ठरलेली फट) पुन्हा लावा.