फॅमिली बिझनेस शिकवताय? या चुका टाळा

नागपुरात बीकॉमच्या वर्गाला कौटुंबिक व्यवसाय शिकवणं खरं तर सोपं जायला हवं. समोरची चार-पाच पोरं तरी इतवारी, गांधीबाग नाहीतर महालातल्या दुकानांतून आलेली असतात. तरी दरवर्षी त्याच चुका बघतो. बऱ्याचशा माझ्याही करून झाल्या आहेत.

पहिली म्हणजे फळ्यावर मधोमध रेघ. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे, एका तासात युनिट खलास. नव्या प्राध्यापकांना हे फार आवडतं, कारण पेपरात तेच येतं. पण मोठ्या भावाने कुणाला न विचारता कळमन्याच्या बाजारात गाडीभर संत्री उचलली, तर हा 'झटपट निर्णय' कोणत्या बाजूला लिहायचा? भाव चढला तर डावीकडे, पडला तर उजवीकडे. मी रेघच मारत नाही. प्रसंग सांगतो आणि पोरांना भांडू देतो.

सगळ्यात महागात पडलेली चूक मात्र वेगळी: विद्यार्थ्याला स्वतःच्याच घरावर बोलायला लावणं. एका मुलीच्या घरचं इतवारीत किराण्याचं ठोक दुकान होतं. मी उत्साहात म्हटलं, तुझ्याच दुकानावर प्रेझेंटेशन दे. पोरगी प्रामाणिक. तिने मोठ्या बाबांची (वडिलांच्या थोरल्या भावाची) महिन्याची उचल आणि वडिलांची उचल शेजारी शेजारी मांडली. खाली लिहिलं, 'दुकान बाबा उघडतात, गल्ल्याची किल्ली मोठ्या बाबांकडे.' वर्ग हसला. वर्गात बाजारातल्या पलीकडच्या ओळीतल्या व्यापाऱ्याचा पुतण्या बसलेला होता, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. संध्याकाळपर्यंत गोष्ट दुकानात पोचली.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील कॉलेजात आले. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "सर, हे घरात बोलाची आमचीच अजून हिंमत झाली नवती. तुमी वर्गात बोलून घेतलं." मला उत्तर सुचलं नाही. ती मुलगी वर्षभर शेवटच्या बाकावर बसली.

तेव्हापासून माझ्याकडे रिपोर्टसाठी दुकान नात्यातलं चालत नाही, स्वतःच्या ओळीतलंही नाही. दोघांनी मिळून जायचं. वहीत दुकानाचं नाव नाही, गल्ली नाही. आणि 'तुमच्यापुढची आव्हानं कोणती?' हा प्रश्न बंद, कारण 'देवाच्या कृपेने सगळं ठीक' याशिवाय उत्तर मिळत नाही. सकाळी कुलूप कोण उघडतं, रात्री गल्ला कोण मोजतं, मालक गावाला गेला की उधारीची वही कुणाच्या हाती असते, एवढंच विचारायचं. उतावळी पोरं पहिला चहा संपायच्या आत वाटणीचा विषय काढतात आणि हात हलवत परत येतात. मी किमान तीन फेऱ्या मागतो. एका फेरीत झालेला रिपोर्ट घरी बसून लिहिलेला असतो, वाचताच कळतं.

'कौटुंबिक धंदे तिसऱ्या पिढीपर्यंत १३ टक्केच टिकतात' ही स्लाइड तर मला पाठ झाली आहे. हा आकडा जॉन वॉर्ड यांच्या १९८७ च्या अभ्यासातला. त्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातले २०० कारखाने घेऊन १९२४ ते १९८४ या काळात त्यांचं काय झालं ते पाहिलं होतं. इतवारीतल्या मिरचीच्या दुकानाला तो जसाच्या तसा कसा लावता? शिवाय चांगल्या भावात दुकान विकून पोराला डॉक्टर केलं, तर धंदा बुडाला म्हणायचं का?

कायदा गाळू नका. एकत्र हिंदू कुटुंबाची पेढी आणि भागीदारी पोरं एकच समजतात. १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ५ सांगतं, की कुटुंबाचा धंदा चालवतात म्हणून एकत्र कुटुंबातली माणसं भागीदार ठरत नाहीत. करारात वेगळं लिहिलं नसेल तर भागीदार वारल्यावर कलम ४२ प्रमाणे फर्म विसर्जित होते. कर्ता, म्हणजे कुटुंबाचा कारभार बघणारा प्रमुख, गेल्याने एकत्र कुटुंबाचा धंदा मात्र आपोआप संपत नाही. आणि हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलगीही जन्मतः मुलाइतकीच हिस्सेदार. इथे मुलींच्या बाकावरून हमखास प्रश्न येतात. मी दुसरा तास मोकळाच ठेवतो.

नुसते अंबानी आणि हल्दीराम सांगू नका. (हल्दीरामची सुरुवात १९३७ मध्ये बिकानेरला झाली, हे नागपूरच्या पोरांना सांगावं लागतं.)

पाहुणा बोलवायचाच तर मालकाला नको, तो फक्त संघर्ष सांगतो. जुना मुनीम बोलवा. आमच्याकडे आलेल्या मुनीमजींनी नाव कुणाचंच घेतलं नाही, पण दोन भावांच्या दोन वेगळ्या वह्या एकाच हाताने कशा लिहायच्या, ते फळ्यावर मांडून दाखवलं.