रायफल अडकली? आधी पुंगळी कुठे पडली ते बघा : गॅस सिस्टिमच्या बाबतीत या चुका टाळा

जानेवारीत भाच्याचा फोन आला. "मामा, परत अडकली. मॅगझिन नवीन घेतलं, तरी तेच."

मी ओहायोत, लेक एरीच्या काठाजवळ राहतो. भाचा कोलंबसला. ग्रीन कार्ड हातात पडल्यावर या पठ्ठ्याने एआर-१५ ही आपोआप नवं काडतूस भरणारी रायफल घेतली, आणि तीही तयार नाही. सुटे भाग मागवून स्वतः जुळवलेली. तीन आठवड्यांत त्याने दोन मॅगझिनं (काडतुसं भरायच्या पेट्या) बदलली, तीन कंपन्यांची काडतुसं आणली, मागची स्प्रिंग बदलली. तेल किती घातलंस विचारलं तर म्हणाला, "भरपूर." नेमबाजीच्या रेंजवर भेटलो, तेव्हा ते दिसलंच. पहिल्याच गोळीला त्याच्या चष्म्यावर बारीक तुषार उडाले.

मी रायफलीकडे बघितलंच नाही. जमिनीकडे बघत राहिलो. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी त्याच्या उजव्या टाचेशी, दीड-दोन फुटांवर, मरगळल्यासारखी पडत होती. धडधाकट एआरची पुंगळी उजवीकडे, किंचित मागे, सात-आठ फूट तरी उडते. नळीचं तोंड घड्याळातल्या बाराकडे आहे असं धरलं तर तीन ते साडेचारच्या मध्ये. याची पडत होती पाचच्या पलीकडे. म्हणजे रायफलीचं यंत्र मागे ढकलणारा गॅस कमी पडतोय. मॅगझिन, काडतूस, स्प्रिंग यांचा या दुखण्याशी काही संबंध नव्हता.

मॅगझिन काढलं, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं असल्याचं डोळ्यांनी आणि बोटाने तपासलं, आणि नळीभोवतीचं पुढचं हँडगार्ड उतरवलं. नळीतल्या भोकावर बसून गॅस मागे वळवणारा ठोकळा म्हणजे गॅस ब्लॉक. त्याच्या मागच्या कडेला नळीवर चंद्रकोरीसारखा काजळीचा डाग. ब्लॉक धरून ठेवणारे खालचे दोन बारीक स्क्रू हाताने फिरत होते. ब्लॉक मिलिमीटरभर पुढे सरकला होता आणि नळीतलं भोक निम्मं झाकलं गेलं होतं.

तीन आठवड्यांचा खर्च एका बाजूला आणि षटकोनी पान्याचे दोन पिळे दुसऱ्या बाजूला.

आत नेमकं काय होतं

काडतुसातली दारू जळून जो वायू होतो, तो गोळीला ढकलतो. गोळी नळीतल्या एका बारीक भोकापुढून गेली की त्यातला थोडासा वायू बाजूला वळतो आणि रायफलीचं यंत्र मागे ढकलतो. पुंगळी बाहेर पडते, स्प्रिंग यंत्राला पुढे आणते, नवं काडतूस आत बसतं. चाप मात्र दर गोळीला नव्याने ओढावा लागतो. ही कल्पना जुनी आहे. १८८९ साली युटातल्या ऑग्डेनजवळ बंदुका घडवणाऱ्या जॉन ब्राउनिंगने बंदुकीच्या तोंडातून निघालेल्या झोताने समोरचं गवत वाकताना पाहिलं आणि फुकट जाणाऱ्या या जोराला कामाला लावायचं ठरवलं.

एआरमध्ये हा वायू एका बारीक नळकांडीतून मागे येतो आणि बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा तुकडा) व त्याला मागे-पुढे नेणारा कॅरियर यांच्यामधल्या पोकळीत शिरतो. बोल्टच्या शेपटावर तीन कड्या असतात, त्या वायूला पुढे निसटू देत नाहीत. सायकलच्या पंपातला चामडी वायसर आठवा, तेच काम. लोक या रचनेला 'डायरेक्ट इंपिंजमेंट', म्हणजे थेट आदळणाऱ्या वायूची रचना, म्हणतात. खुद्द एआर घडवणाऱ्या यूजीन स्टोनरच्या १९६० च्या पेटंटमध्ये मात्र ही नेहमीची आदळणाऱ्या वायूची नव्हे, तर प्रसरण पावणाऱ्या वायूची रचना आहे असं स्पष्ट लिहिलंय. रेंजवर या मुद्द्यावर वाद घालणारे भेटतात. घालू द्यावा, रायफलीला फरक पडत नाही.

फरक पडतो तो वेळेमुळे. जुन्या २० इंची नळीत भोक चेंबरपासून साधारण १३ इंचांवर. पुढे उरतात सात इंच. सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास धावणारी गोळी ते अंतर सेकंदाच्या पाच हजाराव्या हिश्श्यात संपवते, आणि ती तोंडातून बाहेर पडली की नळीतला दाब ओसरतो. सगळं यंत्र हलवण्याएवढा जोर तेवढ्या अवधीत गोळा करायचा असतो. मिलिमीटरभर सरकलेला ब्लॉक एवढा का नडतो, ते यावरून कळेल.

जास्त गॅस म्हणजे जास्त दम नव्हे

कमी गॅसचं दुखणं लवकर ओळखू येतं. जास्त गॅसचं फसवतं, कारण बाहेरून दोन्हीची लक्षणं सारखीच दिसतात.

आता बाजारात १६ इंची नळीच्या रायफली भरपूर. त्याहून आखूड नळीला अमेरिकेत वेगळी सरकारी नोंदणी लागते, म्हणून १६. त्यातल्या बऱ्याच रायफलींत भोक चेंबरपासून आठेक इंचांवरच असतं. तिथे दाब जास्त. शिवाय कुठलंही स्वस्तातलं, मवाळ काडतूस चाललं पाहिजे म्हणून काही कंपन्या भोकही सढळ हाताने पाडतात. मग बोल्ट इतक्या वेगाने मागे येतो की पुंगळी अजून चेंबरच्या भिंतींना घट्ट चिकटलेली असतानाच बोल्टवरचा आकडा, एक्स्ट्रॅक्टर, तिला ओढतो. कधी तिची कड फाटते, कधी ती आतच राहते. कधी बोल्ट मागे जाऊन इतक्या झपाट्याने परततो की मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढचं काडतूस वर आणायला सवडच मिळत नाही, आणि बोल्ट रिकाम्या चेंबरवर बंद होतो. नेमबाज म्हणतो, "गॅस कमी पडतोय." गॅस कमी-जास्त करता येणारा ॲडजस्टेबल ब्लॉक असेल तर तो आणखी उघडतो. दुखणं वाढतं. नळीच्या तोंडावर आवाज दाबणारा सप्रेसर लावणाऱ्यांची तऱ्हा हीच, कारण त्याने वायू नळीत जास्त वेळ कोंडून राहतो.

फरक ओळखायचा कसा? पुंगळ्या एक-दोनच्या दिशेने, म्हणजे पुढे, जोरात उडत असतील आणि त्यांच्या कडा ओरबाडलेल्या असतील तर गॅस जास्त आहे. मात्र पुंगळी बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरची स्प्रिंग थकलेली असली तरी पुंगळ्यांची दिशा बदलते. म्हणून दिशा हा साक्षीदार समजा, न्यायाधीश नव्हे. दुसरी खूण जोडीला घ्या : मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालून झाडा. बोल्ट मागे अडकून राहिला पाहिजे. चार-पाच वेळा करून पाहा. पुंगळी टाचेशी पडते आणि बोल्टही अडकत नाही, तर गॅस कमी. ॲडजस्टेबल ब्लॉक लावायचाही मार्ग हाच. बंद स्थितीपासून एकेक टिचकी उघडत जायचं, एका काडतुसावर बोल्ट अडकू लागला की वर थोडी सवलत ठेवून थांबायचं.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. भाच्याने स्प्रिंग, काडतुसं आणि मॅगझिन एकाच शनिवारी बदललं होतं. त्यातून काही कळणं शक्यच नव्हतं.

घरी बसून नळीतलं भोक ड्रिलने मोठं करण्याचे सल्ले मिळतात, त्यांना दुरून नमस्कार. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही.

तेल कुठे, तेल कुठे नाही

एआरचा कॅरियर ओला असावा : ज्या पट्ट्यांवर तो घासतो त्या, आणि बोल्ट फिरवणारी कॅम पिन. कोरडी एआर अडखळते. पण उणे दहात आमच्याकडे लोक ग्रीस थापून आणतात, ते खव्यासारखं घट्ट होतं आणि बोल्ट पेंगत मागे जातो. थंडीत पातळ तेल वापरा.

गॅसच्या नळकांडीत मात्र काही घालू नका, काही खुपसूही नका. दर गोळीला तिच्यातून तापलेला वायू सणसणत जातो, ती स्वतःला साफ ठेवते. पाईप क्लीनर खुपसून तो आत तुटलेला मी पाहिलाय. पुढे नवी नळकांडी घ्यावी लागली. बोल्टच्या शेपटावरचा काळा थर चकाकेपर्यंत खरवडत बसायचीही गरज नाही. तीन कड्यांच्या फटी एका रेषेत आल्या म्हणून घाबरणारे आहेत. कड्या फिरत राहतात, त्या झिजल्यात का एवढंच बघा. रिकाम्या रायफलीतून कॅरियर काढा, बोल्ट पुढे ओढा आणि बोल्टच्या तोंडावर कॅरियर टेबलावर उभा करा. स्वतःच्या वजनाने खाली बसला तर कड्या बदला. दोन-चार डॉलरचं काम.

नळकांडीतला वायू आत घेणारी कॅरियरवरची गॅस की दोन स्क्रूंनी बसवलेली असते आणि ते फिरू नयेत म्हणून कडेचं लोखंड ठोकून त्यांच्यावर दाबतात. मी एकदा एका दुकानातून घेतलेल्या कॅरियरवर ते ठोकलेलंच नव्हतं. दोनशे गोळ्यांनंतर की डुगडुगायला लागली. विकत घेताना स्क्रूच्या कडांवर ठोक्याच्या खुणा बघून घ्या.

ज्यांत वायू आधी एक पिस्टन ढकलतो, त्या रायफलींचा नियम उलटा. एसकेएस या सोव्हिएत रायफलीचा पिस्टन, गॅरंड या जुन्या अमेरिकी लष्करी रायफलीचा गॅस सिलिंडर हे आतून कोरडेच ठेवायचे. तिथलं तेल जळून त्याची खरपुडी होते आणि पिस्टन अडतो. एसकेएसमध्ये जुनी सोव्हिएत लष्करी काडतुसं वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट : त्यांच्या बुडाशी दारू पेटवणारी टोपी असते, तिच्यातलं रसायन जळाल्यावर मिठासारखा क्षार मागे राहतो, तो हवेतलं पाणी ओढतो आणि रात्रीत गंज चढतो. मालवणला आमच्या घराच्या खिडक्यांचे गज ज्यांनी पाहिलेत त्यांना मीठ लोखंडाचं काय करतं ते सांगायला नको. आणि क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. आधी गरम पाणी, मग कोरडं फडकं, मग नळीला तेल. पिस्टन आणि गॅस ट्यूबही त्याच पाण्याने धुवा, आणि कोरडेच परत बसवा.

आजोबांच्या रायफलीला नवी दारू

आमच्या क्लबात दर उन्हाळ्यात कुणीतरी एम-१ गॅरंड घेऊन येतो. १९३६ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेली ही रायफल. राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धांचं मैदान कॅम्प पेरी इथून जवळ असल्याने गॅरंडचं इकडे भारी प्रेम. तिचं गॅसचं भोक चेंबरजवळ नाही, नळीच्या टोकापासून जेमतेम दीड इंचावर आहे, आणि तिथून एक लांबलचक ऑपरेटिंग रॉड मागे बोल्टपर्यंत येतो.

हा रॉडच तिचं मर्मस्थान. शिकारीसाठी मिळणारी आजची जड गोळीची थर्टी-ऑट-सिक्स, म्हणजे गॅरंडच्याच मापाची, काडतुसं बऱ्याचदा सावकाश जळणाऱ्या दारूची असतात. चेंबरमधला दाब सगळा मर्यादेत असतो, पण गोळी टोकाशी पोचेपर्यंत मागचा दाब हवा तेवढा ओसरलेला नसतो, आणि तो सगळा रॉडवर आदळतो. रॉड वाकतो. चांगला मूळ रॉड आता सहजी मिळत नाही. 'गॅरंडसाठी' असं खोक्यावर लिहिलेली काडतुसं घ्या, नाहीतर जास्तीचा वायू सोडून देणारा ॲडजस्टेबल गॅस प्लग बसवा. काडतूस कॅलिबरने बसलं म्हणून ते चालतंच, असं नाही.

दारू बदलली की काय होतं याचा मोठा धडा सैन्यानेच घेतलाय. व्हिएतनाममध्ये सुरुवातीच्या एम-१६ रायफली, म्हणजे एआरच्या लष्करी आवृत्त्या, ऐन लढाईत अडकल्या. स्टोनरची रायफल ज्या दारूवर बेतली होती ती बदलून गोल दाण्यांची बॉल पावडर आणली गेली. त्याने यंत्राचा वेग वाढला आणि काजळीही. जोडीला चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता आणि जवानांकडे साफसफाईचं सामान पुरेसं नव्हतं. १९६७ मध्ये काँग्रेसच्या उपसमितीने यावर कडक ताशेरे ओढले.

गॅरंडचा सिलिंडर आणि पिस्टन पॉलिश पेपरने घासू नका. त्यांच्यातलं अंतर मोजून ठेवलेलं असतं. चकाकी येते, पण वायू निसटायला लागतो आणि ते परत भरून येत नाही.

ही चूक एकदाच होते

नेहमीच्या धडाक्याऐवजी 'फुस्स' आवाज आला, खांद्याला धक्का लागला नाही आणि बोल्ट मागे गेला नाही, तर तो गॅस सिस्टिमचा बिघाड समजून हाताने बोल्ट ओढून पुढची गोळी झाडू नका. काडतुसात दारू कमी असेल तर गोळी नळीतच अडकते. तिच्यामागून दुसरी गेली तर नळी फुटते. रायफल रोखलेलीच ठेवून अर्धा मिनिट थांबा, रिकामी करा, बोल्ट काढा, आणि नळीतून रॉड आरपार जातो का ते पाहा. नेम धरायच्या नादात कान बंद ठेवणारे बरेच असतात, म्हणून शेजारच्याने ओरडून थांबवलं तर रागावू नका.

आणखी एक, आपल्या मंडळींसाठी. अमेरिकेत एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर बंदूक बाळगायला, अगदी रेंजवर भाड्याने हातात घ्यायलाही, केंद्रीय कायद्याची बंदी लागू होते. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे काही अपवाद आहेत, पण मित्राच्या भरवशावर जाऊ नका, वकिलाला विचारा.

भाच्याचा ब्लॉक आम्ही परत जागेवर बसवला, स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून त्यांना उष्णता सोसणारं लॉकिंग कंपाउंड लावलं आणि रात्रभर वाळू दिलं. दुसऱ्या दिवशी तीस गोळ्या, एकही अडकली नाही. फक्त पुंगळ्या आता नीट तीनच्या दिशेने आठ फूट उडत होत्या आणि पलीकडच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या कॉफीजवळ पडत होत्या. तिसऱ्या पुंगळीला त्यांनी कप उचलून मांडीवर घेतला.

"मामा, सॉरी म्हणू का त्यांना?"

"म्हण. आणि उद्यापासून उजवीकडचं शेवटचं टेबल घे."