दत्तक मांजर नव्या नावाला ओ देत नव्हती: माझा अनुभव

कोथरूडच्या घरी २ वर्षांची मांजर दत्तक आणली. जुनं नाव स्वीटी, आम्ही ठेवलं चिंगी. ३ आठवडे हाकेला कानही हलेना, पलंगाखालून बाहेर येईना. हाका मारून, खेळणी आणून झाली. फार वाईट वाटायचं.

लागू पडलं ते असं. आधी एकाच खोलीत ठेवलं, शी-शूचा ट्रे आणि पाणी तिथेच. चौथ्या दिवसापासून नीट जेवू लागली. मग जेवणाआधी, भुकेच्या वेळी, 'स्वीटी-चिंगी' एकदाच हळू म्हणायचं आणि लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्यायचा (मीठ नको; कांदा-लसूण तर मांजरांना विषारीच). दिवसातून दोनदा, ५-५ वेळा. आठवड्याने 'स्वीटी' गाळलं. औषधाला किंवा नखं कापायला नावाने कधीच बोलवायचं नाही. आधी आम्ही तसं बोलवायचो, आमची मुख्य चूक तीच होती. ही पद्धत सुरू केल्यावर बाराव्या दिवशी स्वयंपाकघरातून 'चिंगी' म्हटलं, तर शेपटी उभी करून आली.