बर्ड फ्लूच्या काळात परसातल्या कोंबड्या बंदिस्त कशा ठेवाव्यात

सकाळी खुराड्याचे दार उघडायचे आणि दिवस कलला की कोंबड्या डालायच्या, एवढ्यावरच ज्यांचे कुक्कुटपालन चालते, त्यांना बर्ड फ्लूच्या बातमीने सर्वांत मोठी अडचण होते. मोठ्या पोल्ट्रीतले पक्षी आधीपासूनच शेडमध्ये असतात. गावरान कोंबडी मात्र उकिरड्यावर, गोठ्यात, शेजाऱ्याच्या वाफ्यात फिरून पोट भरते आणि तिला एकाएकी चार भिंतींत ठेवायचे म्हणजे तिचे खाणे, पाणी, माती, ऊन हे सगळे आपल्याला आत नेऊन द्यावे लागते.

आपल्याकडे रोगाचे निदान पक्के झाले की जिल्हाधिकारी अधिसूचना काढतात. बाधित ठिकाणापासून साधारण १ किलोमीटरच्या परिघातील पाळीव पक्षी शास्त्रीय पद्धतीने नष्ट केले जातात आणि त्यापुढे १० किलोमीटरपर्यंतचा भाग निगराणी क्षेत्र ठरतो, जिथे पक्षी, अंडी, खाद्य आणि खत यांच्या ने-आणीवर निर्बंध येतात. हा लेख मुख्यतः या निगराणी क्षेत्रातील, आणि त्याच्या काठावरच्या, दहा ते पन्नास कोंबड्या असलेल्या कुटुंबांसाठी आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिला उद्रेक नंदुरबारच्या नवापुरात झाला, तेव्हा हा मोठ्या पोल्ट्रीवाल्यांचा रोग वाटत होता. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीरला कावळे मरून पडले आणि त्यांत बर्ड फ्लूचाच एच५एन१ विषाणू सापडला. कावळा कोणाच्या परसात उतरत नाही?

जागा आणि छप्पर

प्रथम जागा मोजावी. गावरान कोंबडीला किमान २ चौरस फूट लागतात, पण काही आठवडे कोंडून ठेवायचे असल्यास ३ चौरस फूट धरावेत. म्हणजे वीस कोंबड्यांना ६ फूट बाय १० फूट जागा हवी. रिकामा गोठा, पडवीचा कोपरा किंवा अवजारांची खोली चालते. रात्रीचे खुराडे मात्र दिवसभरासाठी पुरत नाही. तिथे कोंबड्या दोन दिवसांत एकमेकींवर तुटून पडतात.

बहुतेक जण आधी जाळी आणायला धावतात, पण आधी छप्पर पाहावे. जाळीमुळे कावळा आत येत नाही, त्याची विष्ठा मात्र जाळीतून खाली पडते आणि विषाणू विष्ठेतच असतो. म्हणून वर पत्रा, कौले किंवा निदान घट्ट ताणलेली ताडपत्री हवी आणि पागोळीचे पाणी आत न येता बाहेर लांब पडले पाहिजे. बाजूंना एक इंची किंवा त्याहून बारीक जाळी लावावी. चिमण्यांचा उपद्रव जास्त असेल तर अर्धा इंची घ्यावी. जाळीचा खालचा काठ वीतभर जमिनीत पुरला तर मुंगूसही आत शिरत नाही आणि उंदीरही कमी येतात. आपल्याकडे ही साथ बहुधा जानेवारी ते मार्चच्या सुमारास येते, त्यामुळे सुरुवात थंडीत होते आणि शेवट उन्हात. मार्चमध्ये पत्रा तापू लागला की त्यावर उसाचे पाचट किंवा भाताचा पेंढा अंथरून पाणी मारावे.

जमीन

खाली भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा दोन ते तीन इंच अंथरावा. उकिरड्यावर फिरणारी कोंबडी स्वतःच्या विष्ठेपासून आपोआप लांब राहते, पण कोंडलेली तिच्यावरच उभी असते. तूस ओले राहिले की रक्ती हगवण लागते आणि त्या हगवणीने मेलेल्या पिल्लांमुळे घरात बर्ड फ्लूचीच भीती पसरते. म्हणून पाण्याच्या भांड्याभोवतीचे ओले तूस रोज काढावे, बाकीचे दोन दिवसांआड खालीवर करावे. आत वाकल्यावर नाकाला झोंबणारा वास आला तर तूस बदलण्याची वेळ झाली, असे समजावे.

खाद्य आणि पाणी

फिरणारी कोंबडी किडे, पाला, सांडलेले धान्य यांवर अर्धेअधिक पोट भरते, म्हणून मालकाला तिच्या खाण्याचा खर्च फारसा जाणवत नाही. बंदिस्त कोंबडीला रोज १०० ते ११० ग्रॅम खाद्य लागते, म्हणजे वीस कोंबड्यांना दोन किलोहून थोडे जास्त. नुसत्या तांदळाच्या कण्या टाकल्या तर अंडी घटतात. मक्याचा भरडा, कण्या आणि सोयाबीन किंवा शेंगदाणा पेंड असे मिश्रण करावे, अंड्यावरच्या कोंबड्यांना वेगळ्या वाटीत कुटलेले शिंपले ठेवावेत आणि शेवग्याचा किंवा मेथीचा पाला द्यावा. हा पाला पक्ष्यांची विष्ठा पडलेल्या जागेवरचा नसावा आणि धुऊन घ्यावा. खाद्याचे पिंप झाकणाचे हवे, कारण उघड्या पोत्यावर आधी चिमणी बसते.

पाणी बोअरचे किंवा नळाचे द्यावे, तळ्याचे, ओढ्याचे नको. वीस कोंबड्यांना थंडीत रोज सुमारे ५ लिटर पुरते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट ठेवावे.

कंटाळा

हा भाग किरकोळ वाटतो, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखाद्या कोंबडीच्या शेपटीपाशी पिसे उपटून लाल कातडी दिसू लागते, तेव्हा त्याची किंमत कळते. रक्त दिसले की बाकीच्या सगळ्या तिथेच टोचतात. अशी कोंबडी लगेच वेगळी करून जखमेवर हळद लावावी. टोचाटोची होऊच नये म्हणून आत काम द्यावे. कोबीचा गड्डा सुतळीने अशा उंचीवर टांगावा की मान वर केल्याशिवाय चोच पोहोचणार नाही, धान्याची एक मूठ तुसात विखरून टाकावी आणि जुन्या घमेल्यात चुलीची गार राख, कोरडी माती आणि वाळू भरून ठेवावी. कोंडल्यापासून हिरमुसून बसलेली माझ्याकडची एक तुरेवाली कोंबडी राखेचे घमेले ठेवताच त्यात आडवी झाली आणि पंखांखाली राख उडवत अर्धा तास हलली नाही. बसायला दोन-अडीच फूट उंचीवर बांबू बांधावा आणि प्रत्येकीला आठ-नऊ इंच जागा मिळेल, असे पाहावे. कोंबडे एकापेक्षा जास्त असतील तर त्यांना एकत्र कोंडू नये.

बदके असल्यास ती कोंबड्यांपासून पूर्ण वेगळी ठेवावीत. बदक अनेकदा आजारी न दिसताही विषाणू बाळगते आणि पसरवते.

चपला, बादल्या आणि अंड्यांचे ट्रे

येथवरचे काम म्हणजे दार बंद करणे. माझ्या मते खरी लढाई याच्यापुढे आहे. ब्रिटनमध्ये २०२२-२३ च्या हिवाळ्यात इंग्लंडभर पाळीव पक्षी घरात ठेवणे सक्तीचे झाले आणि ती सक्ती ७ नोव्हेंबरपासून १८ एप्रिलपर्यंत टिकली. तिथल्या सरकारी पशुवैद्यकांचा तेव्हाचा हिशेब असा होता की नुसते कोंडल्याने रोगाचा धोका साधारण निम्मा होतो, पण काटेकोर स्वच्छता पाळली तर तो ४४ पटींनी घटू शकतो. म्हणजे जाळी लावून निर्धास्त झालेला माणूस तीच चप्पल घालून ओढ्यावरून थेट आत जात असेल, तर त्याने सोपे काम केले आणि मोलाचे सोडून दिले.

म्हणून दारात एक जोडी ठेवावी, जी फक्त आतच वापरायची. आपल्या घरात देवघरापाशी चप्पल काढण्याची सवय असते, तसेच हे. फरक एवढाच की इथे एक काढून दुसरी घालायची. उंबऱ्याशी पाय बुडवायचे घमेले ठेवले तर त्यातले जंतुनाशक रोज बदलावे आणि त्याआधी तळव्याचा चिखल ब्रशने काढावा, कारण शेणामातीत ब्लीचिंग पावडरचा जोर राहत नाही. या विषाणूचे आवरण स्निग्ध असते, त्यामुळे साधे साबणाचे पाणीही त्याला निकामी करते. मात्र आधी घाण खरवडून काढलेली हवी. आत जाणारा माणूस घरातला एकच ठरवावा. शेजाऱ्यांची बादली, फावडे, पिंजरा या दिवसांत उसना घेऊ नये आणि देऊही नये. पुठ्ठ्याचे अंड्यांचे ट्रे गावभर फिरतात, त्यामुळे दुकानातून परत आलेला ट्रे आत नेऊ नये. आठवडी बाजारातून नवी कोंबडी आणू नये आणि बाजारात न विकलेली परत आणून कळपात सोडू नये.

आजार दिसला तर

एकाच दिवशी दोन-चार कोंबड्या अचानक मरणे, तुरा आणि गलोल (चोचीखाली लोंबणारी कातडी) निळसर-जांभळे पडणे, डोके सुजणे, पायांवर रक्ताचे ठिपके, हिरवट हगवण, मऊ कवचाची अंडी किंवा अंडी एकाएकी बंद होणे ही लक्षणे आहेत. यांतली बरीच मानमोडीचीही (राणीखेत रोगाचीही) असतात आणि घोटाळा तिथेच होतो. 'मानमोडीच आली असेल' असे म्हणून उरलेल्या कोंबड्या घाईने विकल्या किंवा कापल्या जातात. मानमोडीचे लसीकरण वेळेवर झालेले असेल तर ही शंका बरीच कमी होते. बर्ड फ्लूसाठी मात्र परसातल्या कोंबड्यांना देता येईल अशी लस आपल्याकडे नाही, त्यामुळे त्या नावाने कोणी काही टोचायला आले तर परत पाठवावे.

मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये. हातात प्लास्टिकची पिशवी उलटी घालून तो पकडावा, पिशवी सुलटी करून गाठ मारावी आणि सावलीत, कुत्र्यामांजरांपासून दूर ठेवून १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. ओढ्यात किंवा उकिरड्यावर तो टाकला तर दुसऱ्या दिवशी कावळ्यांचीच बारी. अंतिम निदान भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत होते, त्यामुळे अहवाल येईपर्यंत घरचे पक्षी आणि अंडी बाहेर जाऊ देऊ नयेत. पक्षी हाताळलेल्या घरच्या माणसाला ताप-खोकला आला, तर डॉक्टरांना कोंबड्यांचीही गोष्ट सांगावी.

कळवण्यात लोक मागे राहतात, ते सगळे मारले जातील या भीतीने. ही भीती खोटी नाही. परंतु भरपाई सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, रोगाने आधीच मेलेल्यांची नव्हे, त्यामुळे उशीर करणाऱ्याचे नुकसान दुहेरी होते. २०२१ साली अंड्यावरच्या मोठ्या कोंबडीला ९० रुपये असा दर होता. गावरान कोंबडीच्या बाजारभावापुढे तो तुटपुंजाच होता. सध्याचा दर पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारावा आणि आपल्या कोंबड्यांची संख्या, वय व खरेदी आजच एका वहीत लिहून ठेवावी, कारण पंचनाम्याच्या वेळी ही वहीच कामाला येते.

पुन्हा सोडताना

निर्बंध उठल्याची अधिकृत सूचना आल्याशिवाय दार उघडू नये. उघडण्याआधी परसात साचलेले पाणी बुजवावे, सांडलेले धान्य झाडावे, कावळे-बगळे बसतात ती जागा खरवडून त्यावर चुना टाकावा आणि उन्हात तशीच काही दिवस पडू द्यावी. पहिले दोन दिवस कोंबड्या फक्त सायंकाळच्या तासाभरासाठी सोडाव्यात, म्हणजे अंधार पडू लागताच त्या स्वतःहून खुराड्याकडे वळतील.