जुन्या संगणकावर टीव्ही अडखळत होता, तो प्रश्न असा सुटला

चौथ्या पिढीचा इंटेल आय-३ प्रोसेसर, लिनक्स, एमपीव्ही हा व्हिडिओ प्लेअर. एचडी वाहिनी लावली की चित्र अडखळायचं, पंखा घोंगावायचा. सोलापूरच्या मे महिन्यात तापलेला प्रोसेसर वेग उतरवतो, मग अडखळणं आणखी वाढतं.

चालू चित्रावर 'आय' दाबा. माहितीत हार्डवेअर डीकोडिंगचा (व्हिडिओ उलगडण्याचं काम ग्राफिक्स चिपने करण्याचा) उल्लेख नसेल, तर सगळा भार प्रोसेसरवर आहे. या पिढीला आय-९६५ हाच व्हीए-एपीआय (लिनक्सवर हार्डवेअर डीकोडिंग वापरण्याची सोय) ड्रायव्हर लागतो. नवा आयएचडी ड्रायव्हर पाचव्या पिढीपासून पुढे चालतो. म्हणून आय-९६५ बसवून एमपीव्हीच्या सेटिंगमध्ये 'एचडब्ल्यूडेक' समोर 'व्हीएएपीआय-कॉपी' लिहिलं. 'कॉपी' मुद्दाम: चित्र परत रॅममध्ये येतं, म्हणून १०८०आय (एक आड एक ओळी पाठवणाऱ्या) प्रक्षेपणातल्या कंगव्यासारख्या रेषा 'डी' दाबून नेहमीच्या फिल्टरने घालवता येतात.

एचईव्हीसी या नव्या व्हिडिओ प्रकाराला मात्र ही चिप कामाची नाही. ८-बिटसाठी सहावी पिढी, १०-बिटसाठी सातवी हवी, तोवर एच.२६४ या जुन्या प्रकारातले प्रवाहच निवडा. साध्या एसडी वाहिन्या एमपेग-२ या आणखी जुन्या प्रकारात असतील, तर त्या सॉफ्टवेअरवरच, म्हणजे प्रोसेसरवरच ठेवा. भार नगण्य असतो, आणि सिग्नल तुटक असला तरी सॉफ्टवेअर डीकोडर बहुधा लवकर सावरतो.

यंत्रमागाच्या वस्तीत राहत असाल तर हीटसिंकमधलं सुताचं तूस आधी ब्रशने काढा.