नस जोडल्यानंतर बोटांचा सराव करताना या चुका टाळा

मनगटावर काच किंवा पत्रा लागून मीडियन नस (रक्तवाहिनी नव्हे, स्पर्शाचे संदेश मेंदूकडे नेणारा मज्जातंतू) तुटली, की अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते. ऑपरेशन करून नस शिवली म्हणजे काम झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. पण शिवलेल्या जागेपासून नवे तंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतात, म्हणजे बोटाच्या टोकापर्यंतचं 15-18 सेंटिमीटर अंतर कापायला सहा महिने सहज जातात. शिवाय तंतू पोहोचले तरी ते सगळे आपापल्या जुन्या जागी पोहोचत नाहीत. न बघता शर्टाचं बटण लावता येत होतं ते स्पर्शाच्या जुन्या नोंदींच्या जोरावर, आणि आता येणारे संदेश त्या नोंदींशी जुळत नाहीत. मेंदूला हे सगळं नव्याने शिकावं लागतं.

म्हणूनच ‘बधिरपणा गेला की सराव सुरू करू’ ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बोटांकडून येणारे संदेश थांबले, की मेंदूतली त्यांची जागा मोकळी राहत नाही. शेजारच्या भागांचे संदेश तिथे शिरतात. सर्जनने परवानगी दिली की स्पर्श कळत नसतानाही दोन्ही हातांच्या त्याच बोटांना एकाच वेळी, बघत बघत स्पर्श करा. दोन हातांमध्ये आरसा उभा करून चांगल्या हाताचं प्रतिबिंब बघत सराव केला तरी चालतो. एका वेळी 10 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, शांत खोलीत. टीव्ही लावून केलेला सराव मोजू नका.

तर्जनीला हात लावला आणि कळलं मधल्या बोटाला, असं झालं तर घाबरू नका. तंतू चुकीच्या वाटेने गेल्याची ती खूण आहे. पेन्सिलीच्या मागच्या रबराने आधी बोटावर रेघ ओढा, कारण फिरता स्पर्श आधी परततो. स्थिर स्पर्श नंतर. आधी बघा, मग डोळे मिटून तोच स्पर्श ओळखा, मग डोळे उघडून खात्री करा. यातली शेवटची पायरीच लोक गाळतात. खात्री केली नाही तर मेंदूला चूक कळतच नाही, आणि चुकीचीच नोंद पक्की होते. नुसत्या स्पर्शाने आग होत असेल, तर ओळखण्याचा सराव थांबवून आधी कापसाने ती जागा सरावू द्या.

वस्तू ओळखताना बोट नुसतं दाबून धरू नका. पोत कळायला बोट आडवं फिरवावं लागतं, कडकपणा कळायला दाबावं लागतं, आकारासाठी कडेकडेने जावं लागतं आणि वजनासाठी वस्तू उचलून धरावी लागते. सँडपेपर आणि मखमल यांपासून सुरुवात करा. मग तांदळात लपवलेला राजमा शोधा, त्यानंतर मूग. नाणी ओळखणं अगदी शेवटी. पहिल्याच आठवड्यात नाणी घेऊन बसणारे बहुधा कंटाळून सोडून देतात.

पकडीचं गणित जरा वेगळं आहे. स्वीडनमधल्या उमियो विद्यापीठात योहान्सन आणि वेस्टलिंग यांनी 1984 मध्ये दाखवलं, की चिमटीत वस्तू उचलताना मेंदू जोर आधीच ठरवतो, आणि तो मागच्या उचलीच्या आठवणीवरून. सँडपेपरनंतर अचानक रेशमी पृष्ठभाग आला, तर त्वचेचा संदेश मिळून सुमारे 0.1 सेकंदात जोर वाढतो. बोट बधिर असलं की ही दुरुस्ती होत नाही. मग एक तर वस्तू सटकते, नाही तर भीतीने हात गरजेपेक्षा घट्ट आवळतो. नखांची टोकं पांढरी पडणं आणि खांदा वर चढणं ही घट्ट पकडीची लक्षणं.

यावर सोपा सराव म्हणजे अर्धा भरलेला कागदी कप. चेपला तर जोर जास्त, सटकला तर कमी. तोच कप 8-10 वेळा उचला, मग पाणी कमी-जास्त करा. दर उचलीला वस्तू बदलली तर सुरुवातीला मेंदूला आठवणच जमवता येत नाही. अदलाबदल जमू लागल्यावर करा. गरम चहाचा कप या सरावाला कधीच घेऊ नका.

सरावाआधी हाताला तेल चोळणं ही आपल्याकडची हमखास चूक. नस तुटलेल्या भागाला घाम येत नाही, त्वचा कोरडी पडून आधीच निसरडी होते. त्यात तेल लावलं तर कप हातात राहणारच नाही. तेल किंवा मलम सरावानंतर लावा. पाणी किती गरम आहे ते चांगल्या हाताने बघा, तव्याजवळ बधिर बोटं नेऊ नका आणि रोज रात्री उजेडात फोड, चटका तपासा. बारीक दांड्याचा चमचा किंवा चाकू वापरत असाल तर दांडा कापडी पट्टी गुंडाळून जाड करा, म्हणजे दाब एकाच जागी पडणार नाही.

प्रगती मोजायची असेल तर बोटाकडून मनगटाकडे हलक्या टिचक्या मारत या. जिथे पहिल्यांदा झिणझिण्या येतात ती जागा महिन्याला साधारण अडीच-तीन सेंटिमीटर बोटाच्या टोकाकडे सरकायला हवी. दोन-तीन महिने ती तिथेच अडकून राहिली, तर सराव वाढवण्याआधी सर्जनला दाखवा.